जन्म-मरणाचे दप्तर : संगणक आला, हेलपाटा गेला नाही



आपल्या गावातल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसांची आधारकार्डे एका ओळीत मांडून पाहा. निम्मा गाव १ जूनला जन्मलेला दिसेल. मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. मृगाच्या तोंडावर सरकी टोबतात हे मला शिकवले होते; माणसेही त्याच मुहूर्तावर उगवतात हे कुठल्या पुस्तकात नव्हते. खरी गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना बापाला तारीख सांगता आली नाही, गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून पाहिला, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून लिहून टाकले. गुरुजींचा त्यात काही दोष नाही. जन्माची नोंद करायचा कायदा होता, वही होती, वही सांभाळायला पगारी माणूस होता. नोंद तेवढी नव्हती.

ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. पासष्ट पूर्ण झाल्याशिवाय श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळत नाहीत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत पंचाहत्तरीपुढचा शेतकरी बसत नाही. गुरुजींचा अंदाज दोन वर्षांनी चुकला की माणसाचे दोन वर्षांचे पैसे बुडतात. जी बाई शाळेची पायरीच चढली नाही, तिचे वय तर मतदार यादी करणाऱ्याने तिच्या तोंडाकडे पाहून लिहिलेले असते. उन्हातान्हात निंदण-वेचणी करून वाळलेल्या बाईचे वय तोंडाकडे पाहून कळते काय?

गावचे जन्म-मरण लिहून ठेवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. वऱ्हाडात आणि जुन्या मध्य प्रांतात कोतवालाकडे ही वही असे. तो ती घेऊन ठाण्यात जाई आणि गावात कोण जन्मले, कोण मेले ते सांगून येई. 'कोतवाल बुकाची नक्कल' हा शब्द नागपूर-अमरावतीकडे आजही घराघरात माहीत आहे, कारण जातीचा दाखला काढायला ती लागते. इंग्रजाला आपल्या माणसांची माया होती म्हणून काही ही वही नव्हती. पटकी कुठे पसरते आहे, देवी कुठे निघाल्या आहेत, दुष्काळात माणसे किती मरत आहेत, एवढे सरकारला कळावे म्हणून ती होती. पण कोतवालाने खरडलेल्या त्या चार ओळींवर पुढे पणतवंडांची शिक्षणे ठरली. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी तहसिलींची दप्तरे उपसली गेली, गाव नमुना १४ ची जीर्ण पाने उलटली गेली, मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. १९६७ च्या आधीची 'कुणबी' अशी एक नोंद आजोबा-पणजोबाच्या नावापुढे सापडली की दाखल्याची वाट मोकळी. एका भावकीचे बुक शाबूत राहिले, दुसऱ्या गावच्या भावकीचे वाळवीने खाल्ले. रक्त एक, हक्क दोन. कागदात एवढी ताकद आहे, आणि ती कधी कामाला येईल हे लिहिणाऱ्याला त्या दिवशी माहीत नसते.

आपल्या चळवळीत काही जुने सहकारी म्हणतात, "दाखले-बिखले ही दलालांची कामे. आपले भांडण कापसाच्या भावाचे, त्यात हे कशाला आणता?" त्यांचा मान राखून सांगतो. भावाचे भांडण आपले आहेच. पण मेलेल्या शेतकऱ्याच्या नावावर पडून राहिलेल्या वावरावर पीककर्ज मिळत नाही, पीकविम्याचे पैसे मिळत नाहीत आणि खरेदी केंद्रावर कापूस विकायलाही अडचण येते. भाव मिळाला तरी तो घ्यायला कागदावर जिवंत असलेला माणूस लागतो.

आता सरकारचे म्हणणे काय ते पाहू. जन्म-मृत्यू नोंदणीचा अधिनियम १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. खेड्यात निबंधक म्हणजे ग्रामसेवक. जन्म किंवा मृत्यू झाल्यापासून २१ दिवसांत खबर द्यायची. विवाहासाठी १९९८ चा वेगळा कायदा आहे आणि तिथेही खेड्यात निबंधक ग्रामसेवकच. गेल्या पंधरा वर्षांत यावर संगणकाचे थर चढले. आधी 'संग्राम' आले, मग 'आपले सरकार सेवा केंद्र' आले, केंद्र सरकारचे नोंदणीचे पोर्टल आले. २०२३ मध्ये संसदेने मूळ कायदा दुरुस्त केला. ती दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्या मुलाला शाळेत घालताना, मतदार यादीत नाव लावताना, वाहन परवाना, पासपोर्ट, सरकारी नोकरी, लग्नाची नोंद या साऱ्या ठिकाणी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जाणार आहे. २९ ऑक्टोबर २०२४ ला दिल्लीत मोबाइल अॅपही निघाले. ग्रामसेवकाचे नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले, तलाठ्याचे 'ग्राम महसूल अधिकारी' झाले. पाटी रंगवायचा खर्च तेवढा वाढला. मी या लेखात ग्रामसेवक आणि तलाठी असेच लिहिणार आहे, कारण गावात त्यांना हाका त्याच नावाने मारतात.

मी संगणकाच्या विरोधात नाही. शेतकऱ्याच्या पोराने संगणकाला विरोध करणे म्हणजे ट्रॅक्टरला विरोध करण्यासारखे आहे. माझी तक्रार वेगळी आहे. यंत्र आणले ते सरकारने स्वतःचे काम हलके करायला. तुमचे काम होते तेवढेच राहिले, वर नवे वाढले. पूर्वी ग्रामसेवक वही उघडून बसे, आपण सांगत असू, तो लिही. आज ग्रामसेवकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावे आहेत. तो आला तर केंद्रचालक नसतो, केंद्रचालक आला तर वीज नसते, वीज आली तर सर्व्हर बसलेला असतो, सर्व्हर उठला तर ओटीपी मागतो, आणि ज्या मोबाइलवर ओटीपी यायचा तो मोबाइल मेलेल्या माणसाच्याच नावावर असतो. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले की दुरुस्तीसाठी नवी फेरी. चुकी टंकणाऱ्याची, मजुरी बुडते तुमची.

पण हे वरवरचे झाले. मुळातले दुखणे सांगतो.

गावात एक कर्ता शेतकरी मेला. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाने त्याची मृत्यूची नोंद केली. अनेक गावांत त्याच आवारात, नाही तर रस्त्याच्या पलीकडे तलाठ्याची चावडी आहे. दोघेही एकाच सरकारचा पगार घेतात, एकाच टपरीवर चहा पितात. तरी या वहीतला मृत्यू त्या सातबाऱ्यावर आपोआप जात नाही. विधवेने वा पोराने ग्रामपंचायतीतून दाखला काढायचा, शपथपत्र करायचे, पोलीस पाटलाचा दाखला जोडायचा, वारसांची यादी द्यायची आणि तो गठ्ठा तलाठ्याकडे नेऊन सादर करायचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४९ म्हणते, वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे. म्हणजे जबाबदारी कोणाची, तर ज्याच्या घरात सुतक आहे त्याची.

आता त्याच संहितेचे कलम १५४ वाचा. जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले गेले की त्याची खबर तलाठ्याला द्यायची जबाबदारी त्या निबंधकाची आहे. आता तर ती खबर संगणकावरून जाते आणि फेरफाराचे काम तिथूनच सुरू होते. याचा अर्थ उघड आहे. जमीन विकली जाते तेव्हा सरकारचा एक हात दुसऱ्या हाताला सांगतो. जमिनीचा धनी मरतो तेव्हा दोन्ही हात खिशात. खरेदीखतावर मुद्रांक शुल्क मिळते, मरणावर काही मिळत नाही, हे कारण मी सांगायला नको. यंत्र नाही, पैसे नाहीत, तंत्र अवघड आहे, ही सगळी सबब कलम १५४ ने खोटी पाडली आहे. जे विक्रीसाठी जमते ते मरणासाठीही जमते.

आणि सरकारला हे माहीत नाही असेही नाही. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली 'जिवंत सातबारा' मोहीम १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवली गेली. तलाठ्याने चावडीवर सातबारे वाचायचे, मयत खातेदारांची यादी करायची, वारसांची नावे लावायची. मोहीम चांगलीच होती. ज्या गावांत तलाठी खरोखर बसला तिथे कित्येकांची कामे झाली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण अशी मोहीम काढावी लागली, याचा अर्थ काय? राज्यभर सातबाऱ्यांवर मेलेली माणसे खातेदार म्हणून बसली होती, याची ती सरकारी कबुली आहे. शेतात गाजरगवत माजले की एकदा उपटून भागत नाही. बी पडतच राहते. आज मोहीम संपली, उद्या गावात एक म्हातारा मेला की तोच खेळ पुन्हा सुरू. त्यात १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. तो क्रमांक सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. मेलेल्याला तो काढता येत नाही आणि जिवंत वारसाचे नाव सातबाऱ्यावर नाही.

दिवस किती महाग असतात तेही पाहा. शेतकरी अपघातात गेला, म्हणजे वीज पडली, साप चावला, विहिरीत पडला, तर अपघात योजनेत घरच्यांना २ लाख रुपये आहेत. एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने विमा कंपनीला मधून काढले, हे चांगले केले. पण प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा तो ३० दिवसांत. सोबत मृत्यूचा दाखला हवा, वयाचा पुरावा हवा आणि गाव नमुना ६-क मधली वारसाची नोंदही हवी. म्हणजे वारस कळवायला एक कायदा तीन महिने देतो आणि त्याच वारसाच्या नोंदीचा कागद दुसरी योजना तीस दिवसांत मागते. तेरवी उरकेपर्यंत निम्मी मुदत गेलेली असते. तीस दिवसांच्या मुदतीत काम करणारा ग्रामसेवक, तलाठी आणि ठाणेदार हे तीनही एकाच वेळी जागेवर सापडणे हा आपल्याकडे दुर्मिळ योग आहे. रोहिणीत पडलेल्या पावसावर भरवसा ठेवून पेरणी करण्यासारखेच ते आहे.

दुसरी अडचण कायद्यातच आहे. नोंद होते ती घटना जिथे घडली तिथे. माणूस कुठला, याला किंमत नाही. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. म्हणजे नातवाची नोंद सुनेच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत, नाही तर तिकडच्या नगरपालिकेत. गंभीर दुखणे झाले की आपण माणूस उचलून यवतमाळ, अकोला, सेवाग्राम, नागपूर नाही तर संभाजीनगरला नेतो. तिथे तो गेला तर दाखलाही तिथलाच. मयत गावी आणून अग्नी दिला, सारा गाव स्मशानात उभा होता, पण गावच्या वहीत तो मेलेलाच नाही. आणि बीडकडच्या ऊसतोड कामगारांचे काय? कोपीवर जन्मलेले लेकरू, पट्टा पडल्यावर टोळी गावी परत आली, एकवीस दिवस कधीच सरले. जन्मले कोल्हापूरच्या नाही तर बेळगावच्या फडात आणि दाखला मागायचा कोणाकडे? कोरडवाहू मुलखातला माणूस पोटासाठी वर्षातले सहा महिने गावाबाहेर असतो. नोंदणीचा कायदा मात्र तो जागचा हलतच नाही असे धरून लिहिलेला आहे. संगणकाने करायचे खरे काम होते ते इथे. घटना कुठेही घडो, नोंद राहत्या गावच्या दप्तरात त्याच दिवशी उमटली पाहिजे. पोर्टल देशाचे एकच आहे ना? मग गावाच्या वहीला ते का दिसू नये?

आता ज्या गोष्टीसाठी मी मुद्दाम ही लेखणी हातात घेतली, तिच्याकडे येतो. मरणाचे कारण.

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हवा कोंदट, दोन-तीन औषधे एका टाकीत मिसळलेली, तोंडाला रुमालाशिवाय काही नाही. मी ज्या शास्त्राची पदवी घेतली, त्या शास्त्राने ही औषधे शेतात आणली, म्हणून मला हे जास्त बोचते. ते मृत्यू मोजले गेले कारण ते एकाच वेळी एका जिल्ह्याच्या दवाखान्यात झाले आणि वर्तमानपत्रांनी धरून लावले. जो मजूर संध्याकाळी पंप उतरवून घरी आला, रात्री उलट्या झाल्या आणि पहाटे गेला, त्याच्या नोंदीत 'हृदय बंद पडून' असे लिहितात. हृदय बंद पडल्याशिवाय कोण मरतो?

देशात नोंदलेल्या शंभर मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू जेमतेम बावीस-तेवीस आहेत. बाकीच्यांचे कारण म्हणजे सांगेल ते. सापाचे घ्या. घरोघरी जाऊन केलेल्या एका मोठ्या पाहणीतून २०११ साली प्रसिद्ध झाले की देशात वर्षाला अंदाजे ४५,९०० माणसे सर्पदंशाने मरतात. सरकारी रुग्णालयांच्या आकड्याच्या तो तीस पटीहून जास्त निघाला. साप चावतो तो ज्वारीची कडपे उचलणाऱ्याला, रात्री पाणी धरायला गेलेल्याला, अंधारात शेणपूंजा करणाऱ्या बाईला. सचिवालयात साप चावत नाही. नोंद नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस पुरेशी ठेवत नाहीत, आणि लस नाही म्हणून पुढचा मरतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना सांगितले की सर्पदंश हा कळवणे बंधनकारक असलेला आजार धरा. तेरा वर्षे लागली एवढे सांगायला.

मृत्यूच्या अहवालाचा छापील नमुना मिळाला तर नीट वाचा. मयत बिडी-सिगारेट किती वर्षे ओढत होता, तंबाखू किती वर्षे खात होता, सुपारी किती वर्षे, दारू किती वर्षे, हे सारे तो विचारत आला आहे. मरणाच्या आधीच्या आठवड्यात फवारणी केली होती का, हे विचारणारा रकाना मी त्यात पाहिला नाही. व्यसन विचारले की दोष मेलेल्याचा. फवारणी विचारली की दोष औषधवाल्या कंपनीपर्यंत, कृषी खात्यापर्यंत, भाव न देणाऱ्या धोरणापर्यंत जातो. नमुना छापणाऱ्याने एवढा विचार केला असेल असे मी म्हणत नाही. पण रकाना नाही, हे खरे आहे.

आत्महत्येच्या प्रकरणात तर हा कागद घराचे भवितव्य ठरवतो. १ लाखाची मदत, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत, हा आकडा वर्षानुवर्षे तोच आहे. तीही पात्र ठरली तर. जमीन बापाच्या नावावर, कर्ज बापाच्या नावावर, कसणारा मुलगा गेला. मग सुरू होते पात्र-अपात्रतेचे दळण. बापाची वाटणी वेळेवर झाली असती, आजोबाच्या मृत्यूनंतर वारसाचे नाव चढले असते, तर त्या विधवेला समितीपुढे 'माझा नवरा शेतकरी होता' हे सिद्ध करावे लागले नसते.

विधवेचा विषय निघाला म्हणून लग्नाच्या नोंदीचे दोन शब्द. १४ फेब्रुवारी २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विवाहनोंदणी सक्तीची करा. आपल्या राज्यात कायदा त्याआधीच होता, नव्वद दिवसांत नोंद करा म्हणणारा. आपण काय करतो? मंडप, वाजंत्री, पंगती यांच्यावर कापसाचा हंगाम उधळतो आणि नोंदीला ग्रामपंचायतीपर्यंत जात नाही. त्याचा भुर्दंड बाईला. माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. नवरा गेल्यावर दीर विचारतो, "ही कोण?" लक्ष्मीमुक्तीच्या काळात हजारो शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन लावली. त्या बापांच्या पोरांना एक कागद करायला जड का जावे? काही ठिकाणी लग्नाची नोंद टाळली जाते, कारण मुलीचे वय अठरा भरलेले नसते आणि ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही असतो. त्याबद्दल सरकारला नावे ठेवता येणार नाहीत. तो दोष आपल्या घरातला आहे.

उशिराच्या नोंदीचे प्रकरण सध्या तापलेले आहे. वर्ष उलटून गेलेली नोंद करायला पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा, म्हणजे कोर्टाचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार महसुली अधिकाऱ्यांकडे आला. जानेवारी २०२५ मध्ये बोगस दाखल्यांच्या आरोपांवरून राज्य सरकारने असे दाखले देणेच थांबवले, चौकशी पथक नेमले, आणि १२ मार्च २०२५ च्या शासन निर्णयाने नवी, अधिक कडक पद्धत आणली. खोटे दाखले कोणी काढले असतील तर त्यांना जरूर पकडा. पण पन्नास वर्षे नोंद न करणारी यंत्रणा सुटली आणि नोंद नसलेला माणूस संशयित झाला, हा कुठला न्याय? पारध्याच्या बेड्यावर, पोडावर, तांड्यावर, गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाच्या जन्माची वही कोणी उघडलीच नव्हती. ती उघडायला न जाणाऱ्याचे निवृत्तिवेतन चालू आहे. कसूर करणाऱ्या निबंधकाला कायद्यात दंड होता ५० रुपये. दुरुस्तीत तो झाला २५०. आजच्या बाजारात दोन किलो तेलही येत नाही एवढ्यात.

कोणी विचारेल, सगळी दप्तरे एकमेकांना जोडली तर सरकारच्या हातात जास्तच दोरी नाही का जाणार? रास्त शंका आहे. दुरुस्त कायद्यात जन्म-मृत्यूची माहिती कुठे कुठे देता येईल त्याची यादी आहे. लोकसंख्या नोंदवही, मतदार यादी, आधार, रेशनकार्ड, पासपोर्ट, वाहन परवाना आणि मालमत्ता नोंदणी. यातले रेशनकार्डाचे काम आधी होईल अशी माझी पैज आहे, कारण तिथे नाव कमी करायचे असते. नाव चढवायचे काम सरकार नेहमी शेवटी ठेवते. आणि चूक झाली तर? उत्तर प्रदेशात आझमगडच्या लाल बिहारी नावाच्या माणसाला नातेवाइकांनी जमिनीसाठी १९७५ च्या सुमारास कागदावर मारले. त्याने आपल्यासारख्यांचा 'मृतक संघ' काढला, निवडणुका लढवल्या, तेव्हा कुठे १९९४ मध्ये तो कागदावर जिवंत झाला. म्हणून माझे म्हणणे असे की मृत्यूची खबर वहीतून सातबाऱ्याकडे आपोआप जावी, पण तिने फक्त फेरफार सुरू व्हावा. नाव लागण्याआधी सगळ्या वारसांना नोटीस मिळावी आणि चावडीवर ते वाचले जावे. लेकींना वगळून भावांनी उरकलेले वारस तर आपण किती पाहतो.

तेव्हा जिल्हा बैठकीपुढे ठराव मांडतो आहे. मृत्यू नोंदल्यापासून सात दिवसांत ग्रामपंचायतीकडून तलाठ्याला खबर जावी आणि ६-क ची नोंद तलाठ्याने स्वतः सुरू करावी, विधवेने अर्ज करण्याची वाट पाहू नये. अपघात योजनेची तीस दिवसांची मुदत मृत्यूच्या तारखेपासून न मोजता दाखला हातात पडल्यापासून मोजावी. घटना कुठेही घडली तरी राहत्या गावच्या दप्तरात नोंद उमटावी. खेड्यात घरी झालेल्या मृत्यूचे कारण आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने घरी येऊन विचारून लिहावे, आणि फवारणी व सर्पदंश यांचा रकाना छापावा. सर्व्हर बंद असेल त्या दिवशी ग्रामसेवकाने कागदावर खबर घेऊन पोच द्यावी आणि तीच तारीख धरावी.

सरकार हे करेल तेव्हा करेल. तोवर आपल्या हातात जे आहे ते लगेच करण्यासारखे आहे. खबर तोंडी देऊन परत येऊ नका, पोच घ्या. कायद्याप्रमाणे नोंद झाल्यापासून सात दिवसांत खबर देणाऱ्याला पहिला दाखला फुकट द्यायचा आहे. त्याचे पैसे कोणी मागितले तर पावती मागा, मागणारा गप्प बसेल. दवाखान्यात माणूस गेला तर मयत हलवण्याआधी मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या. ती जवळच्या नातेवाइकाला फुकट द्यावी असे २०२३ पासून कायद्यातच आहे, मग दवाखाना सरकारी असो की खासगी. मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापत नाहीत, म्हणून सर्पदंशाच्या आणि विषबाधेच्या प्रकरणात हा कागद सोन्याचा आहे. निबंधकाने नोंद नाकारली तर लेखी नकार घ्या आणि तीस दिवसांच्या आत जिल्हा निबंधकाकडे अपील करा. नव्वद दिवसांत निकाल देणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

प्रत्येक गावातल्या दोन कार्यकर्त्यांनी, त्यातली एक बाई असावी, गावचे सातबारे आणि ग्रामपंचायतीची मृत्यूची वही शेजारी ठेवून बसायचे आहे. कोणत्या खातेदाराचे मरण वहीत आहे पण सातबाऱ्यावर नाही, कोण गावाबाहेर मेला म्हणून वहीतच नाही, कोणत्या विधवेच्या लग्नाची नोंद नाही आणि कोणत्या लेकराच्या जन्माची नाही, असे चार रकाने वहीच्या कागदावर आखून भरा. नावे वाचता येतील अशी लिहा, गट नंबर टाका, मृत्यूची साधारण तारीख टाका. फवारणीने किंवा साप चावून गेलेल्यांच्या नावापुढे फुली करा. तालुक्याची बैठक वखरणीच्या आधी घेऊ. येताना या याद्यांच्या दोन-दोन प्रती आणा, एक तहसीलदाराला द्यायला आणि दुसरीवर त्याचा शिक्का घेऊन आपल्याजवळ ठेवायला.